लहान तट्टू आणि त्याचे खोगीर

निबंधाच्या वह्या तपासताना एक शेरा आम्ही वर्षातून पुष्कळदा लिहितो : 'खोगीरभरती'. विषय पावसाचा असावा आणि निम्मे पान छत्रीच्या वर्णनात खर्ची पडावे, म्हणजे समासात हा शब्द तांबड्या शाईने उमटतो. त्याचा लाक्षणिक अर्थ आमच्या विद्यार्थ्यांना चांगलाच परिचित आहे. परंतु खोगीर म्हणजे काय, त्यात भरती कशाची करतात आणि ती वाईट झाली तर कोणाचे काय बिघडते, असे विचारले असता सारा वर्ग स्तब्ध झाला. एकाने 'घोड्यावरची गादी' असे उत्तर दिले. ते चूक नव्हे, पण पुरेसेही नव्हे. म्हणून त्या शब्दामागच्या मूळ वस्तूविषयी, आणि विशेषतः लहान मुलाच्या लहान तट्टावर जे खोगीर घालावयाचे ते कसे पारखावे ह्याविषयी, हा पाठ लिहीत आहोत.

वर्ग स्तब्ध झाला ह्यात वर्गाचा दोष नाही. आपल्या पेडणे तालुक्यात बैल, म्हशी, शेळ्या घरोघर दिसतात. पण अंगणात घोडा बांधलेला दिसणे विरळाच. कोकणपट्टीची दमट हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि पाणथळ कुरणे ही घोड्याला मानवणारी नव्हेत. गंमत अशी, की ज्या काळी विजयनगरचे राजे आणि दख्खनचे सुलतान अरबस्तान व इराणचे घोडे समुद्रमार्गे मागवीत, त्या काळी ते उतरत ते गोव्याच्याच बंदरात. १५१० साली गोवे घेतल्यावर पोर्तुगीजांनी हा व्यापार आपल्या मुठीत ठेवला आणि त्यावरील जकातीने खजिना भरला. पण ते घोडे आपल्या मातीत रमले नाहीत. घाट चढून वर निघून गेले. शिवाजी महाराजांनाही कोकणातील पावसाळ्यात घोडे कसे जगवावे ह्याची चिंता असे. राज्याभिषेकाच्या सुमारास, म्हणजे १६७४ च्या आसपास, चिपळूणकडे छावणीस असलेल्या लष्कराला त्यांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा आणि गवत आधीच उधळून टाकाल तर पुढे घोडी उपाशी मरतील व तो दोष तुमच्या माथी येईल, अशी ताकीद त्यात आहे.

राहिला आपल्या शिगम्यातला घोडा. डिचोली-सत्तरीकडील घोडेमोडणीत नाचणारा गडी लाकडी घोडा कमरेला बांधतो, एका हातात लगाम आणि दुसऱ्या हातात तलवार घेतो व ढोल-ताशांच्या तालावर पावले टाकतो. त्या घोड्याचे ओझे नाचणाऱ्याच्याच अंगावर असते. दोरी काचू लागली तर तो ती सैल करून घेतो, खाली एखादे फडके सरकवतो. जिवंत घोड्याला ही सोय नाही. त्याच्या पाठीवर जे बांधले जाते ते त्याने निवडलेले नसते आणि कोठे काचते हे सांगावयास त्याला वाचा नसते.

आपल्याकडे घोडेच नाहीत तर हा पाठ कशाला, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, आपली मुले घोड्यापाशी जातातच. शाळेच्या सहली माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी येथे जातात. माथेरान ही जागा ठाण्याचा तेव्हाचा कलेक्टर ह्यू मॅलेट ह्याने १८५० साली प्रसिद्धीस आणली, १९०७ साली नेरळहून वर चढणारी लहान आगगाडी सुरू झाली, आणि मोटारगाड्यांना गावात बंदी असल्यामुळे घोडा हे तेथील वाहतुकीचे एक मुख्य साधन होऊन राहिले. तेथे पोहोचल्याबरोबर मुलांची पहिली मागणी घोड्यावर बसण्याची असते. शिवाय घाटावर ज्यांचे आप्त आहेत त्यांच्यापैकी कोणाकडे मुलांसाठी पाळलेले तट्टू असण्याचाही संभव आहे. अशा घरी सुटीत गेलेला मुलगा तट्टाला गूळ भरवितो, त्याच्या मानेवरून हात फिरवितो. पण खोगिराखाली काय चालले आहे हे पाहण्याचे त्याला कोणी शिकविलेले नसते.

मुलासाठी खोगीर घ्यावयाचे, असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः खोगीर तट्टासाठी घ्यावयाचे असते. मूल त्यावर बसते इतकेच. जोडा पायासाठी असतो, रस्त्यासाठी नव्हे, तसेच हे आहे. खोगिराला दोन शरीरांशी जुळवून घ्यावे लागते, एक खालचे आणि एक वरचे. वरच्याला टोचले तर ते ओरडते. खालच्याला टोचले तर ते फार तर कान मागे पाडते, तंग आवळताना चावावयास येते, अंग चोरते किंवा अकस्मात उसळी घेते. मग तट्टू खोडकर ठरते, त्याला छडी बसते, आणि ज्या खोगिराने हे सारे घडविले ते मुकाट्याने खुंटीवर जाऊन बसते. मूल पडले तरी दोष तट्टाचाच. लहान मुलांच्या तट्टांवर 'वाईट स्वभावाचे' म्हणून जे शिक्के बसतात त्यांतील पुष्कळसे खोगिराखाली जाऊन पुसता येतील, असे आमचे मत आहे.

आता खोगिराची रचना पाहू. जुने देशी खोगीर म्हणजे मुळात लोकर, केस किंवा चिंध्या भरून शिवलेली जाड गादी. भरताना हाताला येईल ते कोंबले म्हणजे ती खोगीरभरती. ह्यावरूनच आपला शब्द निघाला. चामड्याच्या खोगिराला जीन असेही म्हणतात. त्याच्या पोटात लाकडाचा किंवा अन्य कठीण द्रव्याचा एक सांगाडा असतो. सांगाड्याच्या पुढच्या टोकाला कमान असते. खालच्या अंगाला दोन लांबट गाद्या असतात आणि त्या दोहोंच्या मधून, कौलारू छपराच्या पन्हळीसारखी एक मोकळी वाट पुढून मागे जाते. पोटाखालून आवळावयाचा पट्टा तो तंग. शेपटीखालून जाऊन खोगीर पुढे सरकू न देणारी ती दुमची. छातीवरून जाऊन मागे सरकू न देणारा तो पेशबंद. पाय ठेवावयाची ती रिकीब. सांचीच्या शिल्पांत, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, पायाचा अंगठा अडकविण्यापुरता फासा दिसतो. सबंध पाऊल मावेल अशी धातूची रिकीब नंतरची. चिनी लोक ती इसवी सनाच्या चौथ्या शतकात वापरू लागले होते.

ह्या सर्वांत महत्त्वाची कोणती म्हणाल तर ती मधली पन्हळ. म्हणजे जेथे काहीच नाही ती जागा. घोड्याचे ओझे त्याच्या कण्यावर पडता कामा नये. कण्याच्या दोन्ही बाजूंस जे मांसल पट्टे आहेत त्यांवर ते पसरले पाहिजे. मानेच्या मुळाशी, दोन्ही फऱ्यांच्या मध्ये घोड्याच्या पाठीवर एक उंचवटा असतो. तो मांसाचा नसतो. मणक्यांची लांब टोके तेथे कातडीच्या अगदी जवळ आलेली असतात. खोगिराची कमान तेथे टेकली म्हणजे हाड आणि लाकूड ह्यांच्यामध्ये बिचारे कातडे सापडते. विद्यार्थ्यांनी आपल्या अंगठ्याचे नख दुसऱ्या बोटाने दाबून पाहावे. ते पांढरे पडते, कारण रक्त बाजूला सरते. बोट काढताच पुन्हा लाल होते. आता ते बोट तासभर तसेच राहिले तर काय होईल ह्याची कल्पना करावी. आपल्याकडे जू नीट तासलेले नसले म्हणजे बैलाचा खांदा सुजतो, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. घाटावर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात, त्या विधीला खांदेमळणी हे सुंदर नाव आहे. घोड्याच्या पाठीसाठी असा सण कोणी योजला नाही.

तट्टू म्हणजे लहान आकाराचा घोडा, अशी समजूत सार्वत्रिक आहे. उंचीपुरती ती खरी : फऱ्यांपाशी सुमारे १४७ सेंटीमीटर, म्हणजे ५८ इंचांपर्यंत ज्याची उंची भरते त्याला सामान्यतः तट्टू म्हणतात, आणि लहान मुलाचे तट्टू तर त्याहून पुष्कळच ठेंगणे. पण घडणीत फरक आहे. उंच घोड्याची पाठ लांब आणि मानेमागचा उंचवटा ठळक, त्यामुळे खोगीर त्यावर आपोआप बसते. तट्टाची पाठ आखूड, बरगड्या पिंपासारख्या गोल आणि उंचवटा जवळजवळ नाहीच. अशा पाठीवर अरुंद कमानीचे खोगीर चिमट्यासारखे आवळते. आणि फार रुंद घेतले तर ओल्या फणसावर ठेवलेल्या पाटासारखे डावी-उजवीकडे फिरते. मोठ्या घोड्याचे खोगीर लांबीनेही अधिक, म्हणून त्याचे मागचे टोक तट्टाच्या कमरेवर जाते. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. शेवटच्या बरगडीच्या पुढेच ओझे संपले पाहिजे. त्यामागे खालून बरगड्यांचा आधार नसतो.

आपल्या प्रांतातील घोडे फार उंच कधीच नव्हते. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडीचे घोडे मराठी फौजांनी दूरदूरच्या मुलखांत दौडविले, ते काटकपणाबद्दल नावाजलेले, उंचीबद्दल नव्हे. ह्या जातीची राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०२३-२४ च्या सुमारास स्वतंत्र नोंद केली, ही समाधानाची गोष्ट होय. आज आपल्या देशात चामड्याच्या खोगिरांचे मोठे केंद्र कानपूर आहे आणि तेथील माल युरोप-अमेरिकेस जातो. तिकडच्या घोड्यांच्या मापाने बेतलेले खोगीर देशी तट्टावर घालण्याआधी दोनदा पाहिले पाहिजे, मग त्याचे चामडे कितीही तुळतुळीत असो.

पारखावयाचे कसे, हे आता सांगतो. तट्टू सपाट जमिनीवर, चारी पाय नीट ठेवून उभे करावे. पाठीवर नमदा, घोंगडी काहीही न घालता नुसते खोगीर मानेकडे जरा पुढे ठेवून हलकेच मागे सरकवावे, म्हणजे केस सरळ राहतात व खोगीर आपल्या जागी येऊन थांबते. ही जागा फऱ्याच्या मागे असते. घोडा पुढचा पाय लांब टाकतो तेव्हा फऱ्याचे वरचे टोक मागे सरकते. खोगीर त्यावर आले तर प्रत्येक पावलाला ते आडवे येईल. एकाने तट्टाचा पुढचा पाय उचलून हळूच पुढे ओढावा आणि दुसऱ्याने फऱ्यामागे हात ठेवावा, म्हणजे ही हालचाल हाताला कळते. आम्हास ह्या विषयातील सर्वात मोठा धडा ह्या एका प्रयोगात दिसतो. खोगीर उभ्या घोड्यावर बसवितात, पण ते चालावयाचे असते चालत्या घोड्यावर.

मग पुढे उभे राहून कमानीखालून पाहावे. उंचवटा आणि कमान ह्यांत दोन ते तीन बोटे उभी मावली पाहिजेत. मूल बसल्यावरही निदान दोन. मागून पाहिले असता पन्हळीतून आरपार उजेड दिसावा. नंतर खोगिराच्या गादीखाली पालथा हात पुढून मागे सरकवीत न्यावा. दाब सर्वत्र सारखा लागला तर ठीक. पुढे घट्ट, मध्ये पोकळ आणि मागे पुन्हा घट्ट असे लागले तर ते खोगीर मध्ये पूल बांधल्यासारखे दोनच टोकांवर उभे आहे. सारे वजन त्या चार ठिपक्यांवर पडणार. उलट मध्येच घट्ट लागले तर ते होडीसारखे डुलणार. शेवटी बाजूस उभे राहून बैठकीचा सर्वात सखल भाग मधोमध आहे की नाही हे पाहावे. तो मागे असला तर मूल मागे ढकलले जाते, तोल सावरण्यासाठी लगामाला लोंबकळते, आणि पाठीबरोबर तट्टाचे तोंडही दुखावते.

खोगीर विकत घ्यावयास दूर जावे लागत असेल तर तट्टू बरोबर नेता येत नाही. पण त्याची पाठ कागदावर नेता येते. हे काम भूमितीच्या तासाला शोभेल असे आहे. सहज वाकेल पण वाकविल्यावर आकार सोडणार नाही अशी जाड मऊ तार घ्यावी. फऱ्याच्या लगेच मागे ती पाठीवर आडवी ठेवून दोन्ही बाजूंनी दाबून बसवावी, अलगद उचलावी, पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने आतल्या बाजूने रेघ ओढावी व पुठ्ठा कापावा. तेथून चार-चार बोटे मागे आणखी दोन ठिकाणी तसेच करावे. चौथी तार कण्याच्या लांबीने, पाठीचा खोलगटपणा दाखविण्यासाठी. डावी-उजवी बाजू पुठ्ठ्यावर लिहून ठेवावी, कारण पुष्कळ तट्टांच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या नसतात. हे पुठ्ठे खोगिराच्या पोटात धरून पाहिले म्हणजे दुकानदाराच्या गोड शब्दांवर विसंबावे लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. अशा गर्दीच्या बाजारात चार पुठ्ठे पिशवीत घेऊन फिरणारा गिऱ्हाईक लोकांना विक्षिप्त वाटेल, पण फसणार नाही.

येथे खोगीरभरतीकडे पुन्हा वळणे भाग आहे. अरुंद खोगीर टोचते असे दिसले की लोक त्याखाली आणखी एक घोंगडी घालतात. तरी टोचले तर आणखी एक. हेतू दयेचा, परिणाम उलटा. तंग झालेल्या जोड्यात दुसरा पायमोजा घातला तर बोटे अधिकच चेंगरतात. थोड्या रुंद खोगिराला जाड नमद्याने काही काळ सावरता येते. अरुंदाला कशानेही नाही. गाद्यांमधील लोकर कालांतराने दबून तिचे गोळे होतात, ती मात्र कुशल कारागिराकडून उसवून पुन्हा भरून घेता येते आणि दरवर्षी तसे करणे बरे. निबंधाप्रमाणेच येथेही भरती वाईट नसते. ती कोठे आणि किती, ह्यावर सारे आहे.

आणखी एक मोह म्हणजे मुलाच्या वाढत्या अंगाचा विचार करून मोठे खोगीर घेणे. शाळेचा गणवेश आपण दोन बोटे मोठा शिवतो, ती काटकसर येथे लागू पडत नाही. मूल वाढेल, तट्टाची पाठ लांबणार नाही. मुलाला खोगीर पुरेनासे झाले तर ते मूल तट्टालाही जड झाले असण्याचा संभव मोठा, आणि मग बदलावयाचे ते तट्टूच. तट्टाचा घेर मात्र ऋतूप्रमाणे बदलतो. पावसाळ्यानंतर हिरव्या चाऱ्यावर ते गोल होते, उन्हाळ्याच्या अखेरीस उतरते. म्हणून एकदा जुळलेले खोगीर कायमचे जुळले असे समजू नये. वर्षातून दोनदा तरी तार आणि पुठ्ठा काढावा. अगदी लहान मुलासाठी, ज्याचे तट्टू कोणी दोरीने धरून चालवितो, सांगाड्याविना नुसती नमद्याची गादी वापरतात. ती कोणत्याही गोल पाठीवर बसते, हलकी व स्वस्त असते. परंतु तिला कण्यावरची पन्हळ नसते, म्हणून ती थोड्या वेळापुरती आणि थोड्या वजनापुरतीच ठीक.

वजनाचे गणित आता करू. घोड्याच्या पाठीवर, खोगिरासकट, त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागाहून अधिक ओझे नसावे असा ढोबळ नियम आहे. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात आठ घोड्यांवर केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात शेकडा १५, २०, २५ आणि ३० अशी ओझी देऊन पाहिली असता, शेकडा २५ आणि त्यापुढे स्नायूंचा ताण व दुखणे स्पष्ट वाढलेले आढळले. तट्टाचे वजन तागडीवर करता येत नाही, पण फितीने काढता येते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि छातीच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजावी. घेराचा वर्ग करून लांबीने गुणावे व ११,८८० ने भागावे. उत्तर अदमासे किलोग्रॅममध्ये येते. समजा, घेर १३० आणि लांबी ११५ भरली. १३० चा वर्ग १६,९००. त्याला ११५ ने गुणून १९,४३,५००. भागाकार सुमारे १६४ किलो. त्याचा पाचवा भाग सुमारे ३३. खोगीर, रिकिबी व इतर सरंजाम ६ किलो धरला तर उरले २७. म्हणजे आमच्या माध्यमिक शाळेतील बहुतेक कोणीही विद्यार्थी ह्या तट्टावर बसण्यास योग्य नाही. त्याचे धाकटे भावंड बसावे आणि त्याने लगाम धरून चालावे. आपल्या देशात १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली १९६५ साली जे नियम झाले, त्यांत ओझ्याच्या तट्टासाठी ७० किलोची मर्यादा घातलेली आहे. पण तो आकडा सर्व तट्टांना मिळून एकच आहे. वरच्या उदाहरणातील तट्टाला तो दुपटीहून अधिक होतो.

मुलाच्या बाजूने पाहावयाचे ते थोडे आहे, पण जिवाशी संबंध असलेले आहे. रिकीब पायातील जोड्याच्या रुंदीहून सुमारे एक इंच मोठी, म्हणजे दोन्ही बाजूंस अर्धा अर्धा इंच मोकळी असावी. लहान असेल तर पडताना पाय अडकतो. मोठ्या माणसाची असेल तर मुलाचे सबंध पाऊल आरपार जाऊन अडकते, आणि दोन्हींचा परिणाम एकच : तट्टू धावते व मूल फरफटत जाते. म्हणून चपला किंवा अनवाणी पायांनी रिकिबीत पाय घालू नये; टाच असलेला जोडा हवा. मुलांसाठी एका बाजूस रबराचा पट्टा लावलेल्या रिकिबी मिळतात, पडताना तो पट्टा सुटतो आणि पाय मोकळा होतो. चार पैसे अधिक गेले तरी त्याच घ्याव्यात. रिकिबीच्या पट्ट्याची लांबी ठरविण्याची युक्ती सोपी आहे : बोटांची टोके पट्टा अडकविलेल्या जागी टेकवावी व रिकीब हाताखालून काखेपर्यंत यावी. तंग एकदम आवळू नये. तट्टू छाती फुगवून उभे राहते, चार पावले चालले की तंग सैल पडतो आणि खोगीर मुलासकट पोटाखाली फिरते. म्हणून थोडे आवळावे, चालवावे, पुन्हा आवळावे. शेवटी दोन बोटे शिरतील इतका ठेवावा.

सर्वात प्रामाणिक परीक्षा फेरी झाल्यावर होते. खोगीर उतरविल्याबरोबर पाठ पाहावी. दोन्ही बाजूंस घामाचे सारखे डाग आणि मध्ये कण्यावर कोरडी वाट, असे असले तर उत्तम. ओल्या डागात रुपयाएवढी कोरडी जागा राहिली असेल तर तेथे दाब इतका पडला की घामही सुटला नाही, किंवा खोगीर तेथे टेकतच नव्हते. हाताने दाबून पाहिले म्हणजे तट्टूच सांगते. आणि गडद रंगाच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ते सौंदर्य नव्हे. जुन्या काचण्याने तेथला रंग कायमचा गेलेला असतो.

एका थंड हवेच्या ठिकाणी सहलीस गेलो असता आमच्या एका विद्यार्थिनीने असे ठिपके पाहून घोडेवाल्यास विचारले, तेव्हा तो रागावला नाही. त्याने खोगीर उलटे करून दाखविले : जुन्या जखमेच्या जागी त्याने गादी उसवून आतील भरती काढून घेतली होती, म्हणजे तेवढी जागा टेकू नये. त्या माणसाची युक्ती चोख होती. पण तिने दुखणे झाकले जाते, खोगीर पाठीजोगे होत नाही, आणि दुसरे खोगीर घेण्यास त्याच्यापाशी पैसे नव्हते. ज्याचे पोट तट्टावर आहे त्याला तट्टाची पाठ आपल्याहून कमी प्रिय असते, असे आम्ही मानीत नाही. भाड्याच्या तट्टावर बसण्यापूर्वी मुलांनी पाठ पाहावी, जखम असेल तर बसू नये, आणि नकार देताना घोडेवाल्याला कठोर बोलू नये. पालकांपैकी ज्यांचे वजन ६० किलोच्या वर आहे त्यांनी मुलाच्या तट्टावर छायाचित्रापुरतेही बसू नये, हे सांगावे लागते ह्याचा खेद वाटतो.

फेरीनंतर तंग एक भोक सैल करून तट्टू पाच मिनिटे चालवावे, मग खोगीर काढावे आणि पाठीवर तळहाताने चोळावे, म्हणजे दबलेले रक्त हळूहळू परत येते. नमदा उन्हात वाळवावा. वाळलेल्या घामाचे खडे पुढच्या वेळी वाळूसारखे घासतात. खोगीर जमिनीवर टाकू नये, भिंतीला टेकवू नये. आडव्या गोल लाकडावर ठेवावे, नाहीतर गाद्यांचा आकार बिघडतो. आपल्या बाजूच्या पावसात चामड्यावर दोन दिवसांत बुरशी धरते, म्हणून ते कोरड्या फडक्याने पुसून हवेशीर जागी, पण चुलीपासून दूर ठेवावे. उष्णतेने चामड्याला भेगा पडतात. तंग आणि रिकिबीचे पट्टे ज्या ठिकाणी दुमडून शिवलेले असतात तेथले टाके प्रथम कुजतात; ते प्रत्येक पंधरवड्यास, आणि पावसाळ्यात प्रत्येक वेळी, मूल वर बसण्यापूर्वी मोठ्या माणसाने जोराने ओढून पाहावेत.